ओशन ड्राइव्हचं निऑन: मायामी बीचवर अंधार पडण्याआधीच पोचा

अमेरिकेतल्या मायामी बीचवरच्या ओशन ड्राइव्ह या रस्त्याचं निऑन, म्हणजे जुन्या हॉटेलांवरच्या रंगीत उजेडाच्या नळ्या, पाहायला बहुतेक मंडळी जेवण उरकून रात्री नऊ-दहाला येतात. तोवर आकाश ठार काळं झालेलं असतं आणि फोटोत हॉटेल दिसतच नाही, नुसत्या रंगीत रेघोट्या. खरी वेळ सूर्यास्तानंतरची वीस ते चाळीस मिनिटं. या रस्त्याच्या पश्चिमेला इमारती, पूर्वेला लमस पार्क आणि त्यापलीकडे समुद्र. बागेच्या बाजूला उभं राहिलं की सूर्य इमारतींच्या मागे उतरतो, आकाशात निळा उजेड उरतो आणि त्यापुढे नळ्या पेटतात. डिसेंबरात सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास, जूनमध्ये सव्वाआठच्या. त्याआधी अर्धा तास तिथे असा.

मायामी आणि मायामी बीच ही दोन वेगळी शहरं आहेत, मध्ये खाडी आहे. स्वस्त पडतं म्हणून डाउनटाउनमध्ये खोली घेतली, तर रात्री उशिरा पूल ओलांडून परतायचा खर्च त्यात धरा. विमानतळावरून बीचला 150 नंबरची बस आहे, पण रात्रभर चालत नाही. मायामी बीचमधली फुकट ट्रॉली (छोटी बस) साधारण रात्री अकरापर्यंत.

चालायला ओशन ड्राइव्हवरूनच, त्याला छेदणाऱ्या सहाव्या रस्त्यापासून उत्तरेकडे चौदाव्यापर्यंत जा. अंतर सव्वा किलोमीटरच्या आसपास, पण बघत बघत गेलं की तास जातो. पहिला मोठा थांबा कॉलनी हॉटेल, 736 क्रमांक, 1935चं, वास्तुकार हेन्री होहाउसर. उलट्या टी आकाराची पाटी आणि निळ्या नळ्या. ही निळाई निऑनची नव्हे. निऑन वायू लालसर-नारिंगीच पेटतो. निळ्यासाठी आर्गॉनमध्ये किंचित पारा घालतात. पुढे ब्रेकवॉटरचा उभा मनोरा, मग क्लीव्हलँडर (1938), लेस्ली, कार्लाइल आणि तेराव्या रस्त्यावरचं कार्डोझो. खिडक्यांवरच्या सिमेंटच्या पट्ट्यांना ‘भुवया’ म्हणतात, त्या सावलीसाठी. पेस्टल रंग मात्र 1930च्या दशकातले नाहीत. मूळ इमारती बहुतांशी पांढऱ्या होत्या, गुलाबी-पिस्ता रंग 1980च्या दशकात चढले. हा भाग 1979मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा यादीत गेला. फॅशन डिझायनर व्हर्साचेच्या बंगल्यापुढची सेल्फीची गर्दी टाळली तरी काही बिघडत नाही.

एखादं अक्षर विझलेलं दिसेल. खारी हवा जोडण्या खाते. बऱ्याच ठिकाणी आता काचेच्या नळीऐवजी एलईडीची पट्टी आहे. जवळ जाऊन पाहा, नळीचा उजेड चहूबाजूंनी सारखा पसरतो, पट्टीचा एकाच बाजूला.

भारतातून आणलेल्या फोनवर व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. दिवे विजेच्या तालावर लुकलुकतात, आणि आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, तिथे 60ची. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फ्लिकर (लुकलुक) 60 हर्ट्झवर करा, व्हिडिओ सेकंदाला 30 किंवा 60 फ्रेमवर घ्या, 25वर नको. फोटोसाठी पाटीवर बोट टेकवून उजेड एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) खाली ओढा, नाहीतर नळी पांढरीफट्ट येते आणि रंगच जातो.

जेवायला ओशन ड्राइव्हवर बसू नका, हे आमचं ठाम मत. बादलीएवढ्या ग्लासातलं कॉकटेल टेबलावर येतं आणि किंमत बिलात कळते. बसायचंच असेल तर मागवण्याआधी छापील मेन्यू मागा, त्यात दर नसेल तर उठा. 50 डॉलरच्या ऑर्डरवर 9 टक्के कर म्हणजे साडेचार, 20 टक्के सेवाशुल्क म्हणजे दहा: बिल साडेचौसष्ट. पावतीवर खाली टिपची रिकामी ओळ असतेच. सेवाशुल्क आधीच लावलंय का ते वाचा, नाहीतर टिप दोनदा जाते. दोन गल्ल्या मागे वॉशिंग्टन अव्हेन्यूवर पोट आणि खिसा दोन्ही सांभाळले जातात. चौदाव्या-पंधराव्या रस्त्यांच्या मधली एस्पान्योला वे ही पायी गल्ली बसायला बरी.

बारसाठी वय 21 पूर्ण हवं आणि दारावर मूळ पासपोर्ट दाखवायची तयारी ठेवा, मोबाइलमधला फोटो चालेलच असं नाही. क्लब रात्री अकराआधी रिकामे असतात, रंग भरतो एकनंतर. हाफपँट-चपलांवर पुरुषांना दारातूनच परतवतात. दारूचा ग्लास घेऊन रस्त्यावर किंवा वाळूवर जाणं बेकायदा आहे.

मार्चमध्ये शक्यतो नकोच. कॉलेजच्या वसंत सुटीची झुंबड असते, पोलिसांचे अडथळे लागतात, आणि 2024 आणि 2025मध्ये सुटीच्या गर्दीच्या दिवसांत पालिकेच्या वाहनतळांवर बाहेरच्यांकडून सरसकट 100 डॉलर आकारले गेले.

परतीची अ‍ॅपवरची टॅक्सी ओशन ड्राइव्हवर बोलावू नका. गाडी वाहतुकीत अडकते आणि चालक ट्रिप रद्द करतो. एक गल्ली मागे कॉलिन्स अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर उभं राहून बुक करा.