अमार्ना : एका देवाचे ओसाड नगर

कैरोहून आगगाडीने मिन्या गाठले, तिथे रात्रीचा मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच भाड्याच्या गाडीने आम्ही दोघी मैत्रिणी दक्षिणेकडे अमार्नाला निघालो. उसाच्या शेतांमधला रस्ता संपला तिथे गाडीसकट एका सपाट होडीवर चढून नाईल ओलांडली. पैलतीरावर आधी खजुरांची रांग, मग शेतीची चिंचोळी पट्टी, आणि तिला चिकटूनच वाळवंट. त्यापलीकडे कड्यांची भिंत अर्धवर्तुळात उभी आहे. तिच्यात एके ठिकाणी खिंड पडली आहे आणि सूर्य त्या खिंडीतून वर येतो. दोन डोंगरांमधून वर येणारे सूर्यबिंब ही प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत ‘क्षितिज’ या शब्दाची खूण. अखेनातेन राजाने आपल्या एकमेव देवासाठी हीच जागा का निवडली असेल, ते होडीतून उतरताना मला नव्याने समजले.

हा राजा इ.स.पू. १३५३च्या सुमारास चौथा आमेनहोतेप या नावाने गादीवर आला. राज्याच्या पाचव्या वर्षी त्याने नावातून आमुन देवाला काढून आतेनला, म्हणजे सूर्यबिंबाला, आणले, आणि आमुनचे मुख्य नगर थीब्ज सोडून ज्या भूमीवर आधी कोणत्याही देवाचा हक्क नव्हता अशा या भूमीवर ‘अखेतातेन’, म्हणजे आतेनचे क्षितिज, हे नगर वसवले; त्याचेच आजचे नाव अमार्ना. नगराच्या सीमा त्याने कड्यांमध्ये शिलालेख कोरून आखल्या. पुढे आमुनचे नाव देशभरच्या देवळांतून छिन्नीने खरवडून काढण्यात आले. राजाच्या स्वतःच्या वडिलांच्या नावातला आमुनही त्यातून सुटला नाही, आणि काही ठिकाणी तर ‘देव’ या शब्दाचे अनेकवचनच पुसले गेले. याला शुद्ध एकेश्वरवाद म्हणावे की एका देवाची अनन्य उपासना, यावर विद्वानांचा वाद आहे. परंतु अनेकवचनावर छिन्नी चालवणाऱ्या माणसाला नेमके काय म्हणायचे होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

आतेनच्या मोठ्या मंदिरात आज पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही, आणि तरीही मी तिथे सर्वांत जास्त वेळ रेंगाळले. इजिप्तचे नेहमीचे देऊळ आत जावे तसे अंधारत जाते आणि शेवटच्या काळोख्या गाभाऱ्यात मूर्ती असते. इथे गाभारा नव्हता, मूर्ती नव्हती, छप्परही नव्हते. उघड्या आकाशाखाली नैवेद्याचे शेकडो चौथरे ओळीने मांडलेले होते. त्या आवाराच्या एका भागावर आता शेजारच्या एत्-तिल गावाची दफनभूमी आहे. एका देवाच्या अंगणात, दुसऱ्या भाषेत एकाच देवाला मानणारी माणसे निजली आहेत. हा योगायोगच आहे हे मला कळते, पण मी तिथून लवकर हलू शकले नाही.

दक्षिणेकडच्या थडग्यांमध्ये आय या दरबाऱ्याचे थडगे अपुरेच राहिलेले आहे. प्रवेशाच्या वाटेतच, भिंतीवरच्या तेरा उभ्या ओळींत आतेनचे महास्तोत्र कोरलेले आहे. १८९०मध्ये त्याचा काही भाग फोडला गेला. सुदैवाने त्याआधीच त्याची नक्कल उतरवून घेतलेली होती. अंड्याच्या कवचातल्या पिल्लाला श्वास देणारा, आईच्या पोटातल्या बाळाला शांतवणारा, परदेशांसाठी आकाशात वेगळी नाईल, म्हणजे पाऊस, निर्माण करणारा आणि माणसांच्या भाषा व कातडीचे रंग वेगवेगळे घडवणारा असा हा देव आहे. सीरिया आणि नुबिया ही दोन्ही परकी राष्ट्रे त्याच्या पालनाखाली इजिप्तच्या बरोबरीने उभी केलेली आहेत. बायबलातल्या १०४व्या स्तोत्राशी याचे साम्य पुष्कळांनी दाखवले आहे. तरीही त्यावरून ज्यू धर्म इथून निघाला असे म्हणणे मला घाईचे वाटते, कारण दोहोंमध्ये काही शतकांचे अंतर आहे आणि सूर्याची स्तुती करण्याची ती पद्धत त्या प्रदेशात बरीच रुळलेली होती.

मात्र त्याच स्तोत्राच्या शेवटाकडे राजा म्हणतो की, तू माझ्या हृदयात आहेस आणि तुझ्या या पुत्रावाचून तुला जाणणारा दुसरा कोणी नाही. एवढा विश्वव्यापी देव आणि त्याच्यापाशी जाण्याचे दार एका माणसापुरते, ही या धर्माची सर्वांत मोठी उणीव आहे असे मला वाटते.

उत्तरेकडच्या थडग्यांत ती उणीव डोळ्यांनी दिसली. पायऱ्या चढून आम्ही वर पोहोचलो तेव्हा पहारेकऱ्याने लोखंडी दार उघडले, चंदेरी कागद चिकटवलेली एक फळी उन्हात धरली आणि दारातले ऊन तिच्यावरून आत वळवले. उजेडाचा तो तुकडा भिंतीवर सरकत आतेनच्या बिंबावर थांबला. बिंबातून निघालेल्या प्रत्येक किरणाच्या टोकाला इवलासा पंजा असतो आणि त्यातले काही पंजे जीवनाची खूण पुढे धरतात. ती खूण राजाच्या आणि राणी नेफरतितीच्याच नाकापाशी पोहोचते. खाली वाकलेले दरबारी, सैनिक, नोकर यांच्यापैकी एकाच्याही नाकापाशी एकही पंजा येत नाही. राजा-राणीचे चेहरे नंतरच्या लोकांनी ठेचून काढलेले आहेत.

पानेहसी या आतेनच्या सेवकाच्या थडग्यात तर आणखी एक थर आहे. कित्येक शतकांनंतर कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधल्या, ख्रिस्ती लोकांनी याच्या बाहेरच्या दालनाचे चर्च केले, भिंतीत अर्धगोल कोनाडा खोदला आणि तो रंगवला. रंगाच्या खुणा अजून आहेत. मी त्या कोनाड्यात हात ठेवला, तेव्हा खडबडीत दगड थंड लागला.

नगरातल्या सामान्य घरांच्या उत्खननात काय सापडले, तर बेस आणि तावेरेत यांच्या प्रतिमा आणि ताईत. हे बाळंतिणींचे आणि लेकरांचे जुने रक्षक देव. राजाने अनेकवचन खरवडले तरी बाळंतिणीच्या उशाशी बेस होताच, आणि मला त्या बायकांचे मुळीच नवल वाटत नाही. राजा गेल्यावर काही वर्षांतच नगर ओस पडले. तुतानखातेन हा पोर राजा तुतानखामुन झाला. ज्याच्या थडग्यात ते स्तोत्र कोरले गेले तो आय पुढे स्वतः राजा होऊन जुन्या देवांच्या व्यवस्थेतच राहिला, आणि मंदिरांचे दगड इतर बांधकामांच्या भरावात गेले.

याच ओसाड गावात १८८७मध्ये मातीच्या पाट्यांवरचा राजकीय पत्रव्यवहार सापडला. त्यात मितान्नी या सीरियाच्या उत्तरेकडच्या राज्याचा राजा तुश्रत्त याचीही पत्रे आहेत. अखेनातेनच्या वडिलांना लिहिलेल्या एका पत्रात तो निनेवेची इश्तार देवी इजिप्तला पाठवत असल्याचे कळवतो आणि तिचा मान राखून तिला परत पाठवावे असे विनवतो. याच मितान्नीच्या, आजच्या तुर्कस्तानातल्या हित्ती राजाशी झालेल्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांना साक्षीला बोलावलेले आहे. आपल्या ओळखीचे देव तिथे भेटल्यावर मला जो आनंद झाला तो लपवण्याचे कारण नाही. देव असे राज्याराज्यांत जा-ये करत होते आणि तहांना साक्षीदार होत होते. एकच देव मानायचा म्हणजे हे सारे दळणवळण तोडायचे.

ते तोडूनही टिकलेला एकेश्वरवाद मग कोणता? इ.स.पू. ५८६मध्ये बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले आणि लोकांना देशोधडीला लावले. ज्याच्या देवळाची राख झाली तो देव संपायला हवा होता, पण झाले उलटेच. माझ्या वाचनाप्रमाणे, ‘माझ्याखेरीज दुसरा देव नाही’ हे विधान सर्वांत ठाशीवपणे याच निर्वासनाच्या काळातल्या लेखनात येते. राजा नव्हता, मंदिर नव्हते, पण तो शब्द पाठ असलेली घरे होती, आणि पुढे ख्रिस्ती धर्म व इस्लाम त्याच मुळावर वाढले.

संध्याकाळी परतीच्या होडीत बसलो तेव्हा एत्-तिलच्या बाजूने अजान ऐकू येत होती. मला आठवत होते आमच्या रायगड, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा, जिल्ह्यातले शनिवार तेली. कोकणातले हे बेने इस्राएल मराठी बोलत, तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ते नाव दिले. सात जोडपी फुटलेल्या गलबतातून नवगावच्या किनाऱ्याला लागली, धर्मग्रंथ समुद्रातच गेले, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांच्याजवळ सुंता होती, खाण्यापिण्याचे काही नियम होते, शनिवारची विश्रांती होती, आणि ‘शेमा’ ही देव एकच आहे असे सांगणारी प्रार्थना होती. तेवढ्यावर ती घरे शतकानुशतके राहिली.