मूकपट पाहायचा तर आधी वेग लावा

रविवार, रात्री

आज ‘कालिया मर्दन’, १९१९. यूट्यूबवर मिळतो. सुरुवातीला दादासाहेब फाळक्यांची सात वर्षांची मंदाकिनी थेट कॅमेऱ्याकडे बघत एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणते, आणि मग तिचाच कृष्ण होतो. वेग चुकलेल्या प्रतीत हा तुकडा नुसता तोंडं वेंगाडल्यासारखा वाटतो. वेग उतरवला की एक भाव विरून दुसरा कसा उमटतो ते दिसतं. मूकपटातली माणसं तुरुतुरु चालतात ही समजूत पुसायला हा तुकडा पुरेसा आहे.

त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात ८ फ्रेम, म्हणजे सेकंदाला १६. बोलपटांनी २४ चा दंडक आणला. १६ ने टिपलेलं २४ ने दाखवलं की सगळं दीडपट पळतं.

‘राजा हरिश्चंद्र’ची (१९१३) लांबी ३,७०० फूट देतात आणि वेळ ४० मिनिटं. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे १६ च्या वेगाने फुटाला बरोबर एक सेकंद. गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये तो या वेगाने चालवला असेल, तर तासाभराचा झाला. ४० मिनिटं हा २४ चा हिशेब!

घरी करायचं ते असं. कॉम्प्युटरवर व्हिडिओ थांबवा आणि डॉटची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जा. कॉमाने मागे येता येतं. दर तीन फ्रेममध्ये एक जशीच्या तशी पुन्हा आली, तर चढवणाऱ्याने वेग आधीच सुधारलाय. तिथे हात लावू नका, नाहीतर माणसं चिखलातून चालल्यासारखी दिसतात. दर पाचातली एक पुन्हा येत असेल तर फसू नका: ते २४ चं ३० केल्याचं लक्षण, वेग बिघडलेलाच आहे. मग सेटिंगमध्ये कस्टम वेग ०.६५ करा. जड वाटलं तर ०.७० किंवा ०.७५, कारण हाताचा फेरा प्रसंगागणिक बदलायचा. आवाज बंदच ठेवा. मागाहून जोडलेलं संगीतही रेंगाळतं.

वेग पारखायला संवाद सांगणाऱ्या मधल्या पाटीवरचा मजकूर कामाचा नाही, पुष्कळ पाट्या नंतर घातलेल्या असतात. चालही फसवते. पाणी बघा. ‘राजा हरिश्चंद्र’मधला हौदातला प्रसंग त्यासाठी उत्तम: उडालेले थेंब खाली यायला जितका वेळ घेतात, तितका न्हाणीघरात घेतात का, एवढंच पाहायचं. (उरलेली रिळं १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. थेंबांना फरक पडत नाही.) हौदातल्या सगळ्या बायका पुरुष आहेत, तारामती म्हणजे अण्णा साळुंके. योग्य वेगात ओल्या लुगड्यांचं वजन जाणवतं आणि प्रसंग सोंगासारखा राहत नाही.

उद्यासाठी ‘लंका दहन’, १९१७. राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. थोडासाच भाग उरलाय. आधी डॉट-कॉमा करून तपासायचा, मग पाहायचा.