दादाने मला उठवलं नाही

घामोळं बसलं, पोटऱ्यांतले गोळे उतरले. पण बाटलीच्या झाकणाचा तो आवाज काही डोक्यातून जात नाही.

रसाळगडाहून सुमारगडाकडे निघालो तेव्हा उन्हं कलली होती. ती वाट दिवसा सरळ वाटते, पण काळोख पडला की ढोरवाटांचं जाळं होतं. शेवटी धारेवरच थांबायचं ठरलं. पाण्याची एक बाटली उरली होती, तीही निम्मी. दादा म्हणाला, "ही सकाळची." वहिनी तशीच सॅकवर डोकं टेकून पडली. मध्यरात्र उलटल्यावर कधीतरी चेन सरकली, मग झाकण फिरलं. तो दोन घोट प्यायला. घशातून उतरलेलं ऐकू यावं इतकं सगळं गप्प होतं. मी जागी होते. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

प्यायला याचं काही नाही. मला उठवलं नाही, याचं आहे. घरी आंबा कापला की दोन्ही गाल माझे आणि बाठा त्याचा, हे कधी कुणी ठरवलं नव्हतं, पण तसंच होत आलं. आई गेल्यावर तर... असो. त्या धारेवर मला पहिल्यांदा वाटलं की आता माझी आठवण ठेवणारं कुणी उरलं नाही. दोन घोटांवरून एवढं वाटावं?

रसाळगड जेमतेम ५४० मीटरचा, त्यात दमायचं काय, असं लोक म्हणतात. पण दमवते ती वैशाखातली कोकणची हवा. देशावर पहाटे तरी गारवा येतो. इथे रात्रीही हवेत एवढा ओलावा असतो की घाम नुसता निथळतो, सुकत नाही. आणि तो सुकल्याशिवाय अंग निवत नाही. प्यालेलं पाणी तसंच बाहेर पडतं, बरोबर मीठही जातं. मग गोळे येतात. कोकमाच्या आगळाची बाटली खेडला गाडीत राहिली होती, मीठ-साखरेची पुडीही तिथेच. दिवसभर तापलेला कातळ रात्रभर पाठ भाजत होता. अशा वेळी माणूस कुणाचा भाऊ राहतो का, हाच प्रश्न मी पहाटेपर्यंत चघळत पडले होते.

उजाडल्यावर धनगरांची दोन घरं लागली. म्हातारीने आमची तोंडं पाहिली आणि काही न विचारता तांब्या भरला. "बस गो बाय. घोट घोट पी, एकदम नको." तिची सून ते पाणी खालच्या झऱ्यावरून डोक्यावर आणते, हे मागाहून कळलं. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणारा हा रत्नागिरी जिल्हा. पण सगळा उतार आणि जांभा, पडलेलं पाणी धरून ठेवत नाही. वाहून खाडीला मिळतं, आणि वैशाखात वरच्या वाड्यांच्या विहिरी तळाला जातात. पैसे द्यायचा विचारही करवला नाही. त्या हंड्याकडे पाहताना मला लाज वाटली की काय, कोण जाणे.

तांब्या तिने दादाच्या हातात दिला. तो ओठाला न लावता त्याने माझ्यापुढे धरला. "तू आधी." मी घेतला, प्याले, आणि रडू आलं ते घामात खपून गेलं.

म्हणजे तहान लागली होती, प्यायला. माणूसच तो. रात्री माझा डोळा लागला असं समजून त्याने उठवलं नसेल, हेही आता पटतं. मला इतकंच सलतं की झाकणाच्या आधी एक बारीकसा चुरचुर आवाज आला होता, गोळीच्या पाकिटाचा असतो तसा. आप्पांनाही याच वयात सुरू झाल्या होत्या. वहिनी त्या रात्री खरंच झोपली होती का?

आज त्याचा फोन आला. सुमारगड राहिलाच, मार्गशीर्षात जाऊ म्हणाला. जाऊ म्हटलं. या वेळी ज्याचं पाणी त्याच्याकडे, आणि रात्री कसली गोळी घेतलीस ते आधी सांग, असंही म्हटलं. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग सुमारगडाच्या शेवटच्या कातळटप्प्याला दोर लागेल का, ते विचारायला लागला. लागेल म्हटलं. वहिनीला उद्या दुपारी, तो कामावर गेल्यावर, फोन करणार आहे.