पाच ॲक्सिसवर इंपेलर : वाळूजमधला माझा अनुभव

वाळूज एमआयडीसीतल्या एका जॉब शॉपमध्ये (ऑर्डरप्रमाणे सुटे भाग कापून देणाऱ्या वर्कशॉपमध्ये) मी सीएनसी मशीनचं प्रोग्रॅमिंग करतो. बरीच वर्षं थ्री ॲक्सिस व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या टूलनं तीन सरळ दिशांत कापणाऱ्या मशीनवर, गेली. मग वर आणखी दोन फिरणारे ॲक्सिस असलेलं पाच ॲक्सिसचं मशीन आलं आणि पाठोपाठ ॲल्युमिनियमच्या इंपेलरचं (वाकड्या पात्यांच्या चक्राचं) काम आलं. चिकलठाणा, शेंद्रा, जालन्याकडची जी पोरं मला भेटतात, त्यांना कॅम सॉफ्टवेअर (डिझाइनवरून मशीनचा कोड काढणारं) छान येतं. पण मशीन प्रत्यक्षात कसं फिरतं हे त्यांना कुणी शेजारी उभं राहून दाखवलेलं नसतं. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमचे सेटर काका पैठणकडचे. मी स्क्रीनवर ब्लेड फिरवून बघत होतो, तर म्हणाले, "पोरा, आधी टेबल कुठं फिरायलंय ते बघ, मंग कोड काढ." मी हँडव्हीलवर ए (टेबल कलवणारा ॲक्सिस) आणि सी (टेबल गोल फिरवणारा) दोन्ही सावकाश फिरवून पाहिले. आमच्या मशीनवर टूल कायम उभं राहतं, कलतं ते टेबल. जॉब टेबलाला टेकून बांधला तर ए जास्त कलल्यावर स्पिंडलचं (टूल धरून फिरवणाऱ्या भागाचं) तोंड टेबलाजवळ येतं. म्हणून जॉब रायझरवर (खाली ठेवायच्या ठोकळ्यावर) उचलला, पण गरजेपुरताच. फिरण्याच्या केंद्रापासून २०० मिमी लांब असलेल्या बिंदूवर ०.०१ अंशाची चूकसुद्धा साधारण ३५ मायक्रॉन होऊन बसते.

माझं ठाम मत आहे : जिथं ए आणि सी लॉक करून काम होतं, तिथं पाचही ॲक्सिस एकदम फिरवायचे नाहीत. सगळं रफिंग, म्हणजे जास्तीचं मटेरियल काढण्याचं काम, मी टेबल कलवून, लॉक करून, थ्री ॲक्सिससारखंच केलं. खरा फायदा टूलच्या लांबीत आहे. टूल होल्डरबाहेर दुप्पट काढलं की तेवढ्याच जोराला ते आठपट वाकतं. कोन बदलून ४० मिमी बाहेर ठेवून पोचता येत असेल तर ८० मिमी काढायचं कशाला? फक्त प्रत्येक कोन बदलण्याआधी जी ५३ ने (मशीनच्या मूळ शून्यावरून मोजणाऱ्या कोडनं) झेड, म्हणजे उभा ॲक्सिस, पूर्ण वर घ्यायचा. टेबल फिरताना जॉबचा कोपरा कुठून येईल हे नुसत्या क्लिअरन्स प्लेनवरून (जॉबच्या वर ठरवलेल्या सुरक्षित उंचीवरून) कळत नाही. सिम्युलेशनमध्येही टूलसोबत होल्डर, फिक्श्चर आणि टेबल घातल्याशिवाय मी कोड मशीनवर पाठवत नाही.

ब्लेडच्या फिनिशिंगला मात्र पाचही ॲक्सिस लागतात. इथं मी सर्वात जास्त वेळ दिला. १० मिमीचा बॉल नोज (गोल टोकाचं टूल) ०.२ मिमी खोलीवर उभा चालवला तर प्रत्यक्ष कापणारा व्यास जेमतेम २.८ मिमी असतो, आणि टोकाशी वेग शून्य. तिथं मटेरियल कापलं जात नाही, घासलं जातं. तेच टूल १५ अंश कलवलं की कापणारा व्यास ५.२ मिमीच्या आसपास जातो. आरपीएम तोच, तरी चमक वेगळी. स्टेपओव्हर (शेजारच्या दोन पासमधलं अंतर) ०.३ मिमी ठेवला की सपाट भागावर उरणारी धार सव्वादोन मायक्रॉनची, त्याहून बारीक पास मारून वेळ घालवायची मला गरज वाटली नाही.

हबच्या (इंपेलरच्या मधल्या भागाच्या) नाकाजवळ ए शून्याच्या जवळ येतो आणि सी एकदम १८० अंश फिरायला बघतो. टूल तिथंच रेंगाळतं आणि पृष्ठभागावर डाग उमटतो. कॅममध्ये टूल ॲक्सिसला ४ अंशांचा किमान कल दिला, ए शून्य ओलांडेनासा झाला आणि डाग गेला. तेव्हापासून पोस्ट केलेला (मशीनच्या भाषेत निघालेला) कोड उघडून सीचे आकडे मी डोळ्यांखालून घालतोच. आमच्या फॅनुक कंट्रोलवर जी ४३.४ (टूलचं टोक धरून हालचाल सांभाळणारा कोड) चालू ठेवतो, म्हणजे टूलची लांबी बदलली तरी प्रोग्रॅम पुन्हा काढावा लागत नाही. सीमेन्सवर हेच काम ट्राओरी करतं, हायडनहाइनवर एम १२८.

आपल्याकडचा उन्हाळा हा वेगळाच विषय. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं. २०० मिमीचा जॉब सकाळपेक्षा दुपारी १० अंशांनी तापला तर ४६ मायक्रॉनचा फरक. म्हणून मे महिन्यात आधी मशीन फिरवून गरम करतो, मग प्रोब (स्पर्शानं मोजणारं साधन) आणि मोजमापाचा गोळा लावून ए-सीचं केंद्र तपासतो, आणि फिनिशिंग एका दमात उरकतो.

आणि मध्येच लाइट गेली तर? टूल दोन ब्लेडच्या मधे अडकलेलं असतं. लाइट आल्यावर ए-सी होमला पाठवायची घाई करायची नाही. आमच्यासारख्या टेबल कलणाऱ्या मशीनवर आधी फक्त झेड हळूहळू वर घ्यायचा. हेड कलणारं असेल तर टूल ज्या कोनात कललंय त्याच तिरक्या रेषेत, टूलच्या लांबीच्या दिशेनं, मागे बाहेर काढायचं. टूल पूर्ण मोकळं झाल्यावरच टेबलाला हात लावायचा.