तुम्ही विचारलंत म्हणून: मेंदू मागे काय पाठवतो?

"डोळ्यातून सगळं मेंदूत जातंच ना, मग मेंदू उलटं मागे काय पाठवतो, आणि त्यात तू इतकी वर्षं कशाला घातलीस?" हे इतक्या जणांनी विचारून झालंय की आता एकदाच लिहून टाकते. आणि त्याच्या मागोमाग येणारं "म्हणजे दिसतं ते सगळं मनाचे खेळच" हे वाक्य प्लीज नको, मी असं कधीच म्हटलेलं नाही.

डोळ्यातून आलेली माहिती मेंदूच्या सालीत आधी जिथे पोचते तो भाग म्हणजे व्ही-वन. तिथल्या एका न्यूरॉनला, म्हणजे मेंदूच्या पेशीला, समोरच्या दृश्याचा चिमुकला तुकडा दिसतो. त्यात एक तिरकी रेघ आहे समजा. ती वस्तूवरची की मागच्या पार्श्वभूमीची, हे तेवढ्या तुकड्यावरून कळायला मार्गच नाही. व्हिक्टर लामे या संशोधकानं १९९५ साली माकडांमध्ये हेच तपासलं, न्यूरॉनला दिसणाऱ्या तुकड्यात रेघा त्याच ठेवल्या, फक्त आजूबाजूचं बदललं. सुरुवातीचा प्रतिसाद दोन्हीकडे सारखा, आणि मग जरा उशिरा, तुकडा आकृतीवर, म्हणजे वस्तूवर, असेल तर न्यूरॉन जास्त फायर व्हायला, म्हणजे जास्त सिग्नल द्यायला लागतो. मोठा तुकडा बघणारे, पुढच्या टप्प्यावरचे वरचे भाग खाली व्ही-वनला कळवतात, असा त्याचा अर्थ लावला गेला; हे मागे पाठवणं म्हणजेच फीडबॅक. १९९८ मध्ये भूल दिलेल्या माकडांत पहिला प्रतिसाद राहिला, हा उशिराचा फरक गेला. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानं एमटी हा हालचाल ओळखणारा वरचा भाग थंड करून तात्पुरता बंद पाडला, तर खालच्या भागांना आकृती आणि पार्श्वभूमी वेगळी करणं जड गेलं, आणि आकृती जितकी पुसट तितकं जास्त जड.

आता माझं. पीएचडीत मी व्ही-वनच्या रेकॉर्डिंग्जवर काम करत होते आणि माझी अॅनालिसिस विंडो, म्हणजे मी तपासायचे तो वेळ, होती चित्र दिसल्यानंतरचे पहिले ७० मिलीसेकंद. पुढचं मी कापून टाकायचे, कारण मला ते घाण वाटायचं, डोळे हलले असतील, लक्ष गेलं असेल, काहीही असेल. लॅबमधला एक ज्युनियर मुलगा एका संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आला, त्यानं पूर्ण विंडो ठेवून ग्राफ काढला होता, आकृतीची आणि पार्श्वभूमीची अशा दोन रेषा बराच वेळ एकावर एक आणि मग हळूहळू फाकत गेलेल्या. मी नीट बघितलंही नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "ही नॉइज आहे, आधी बेसिक्स शिक." त्यानं लॅपटॉप मिटला. पोस्टरवर तो ग्राफ आला नाही, आणि नंतर तो मुलगा हा विषयच सोडून गेला. मी सेमिनारमध्ये ठणकावून सांगितलं की व्ही-वन आकृती आणि पार्श्वभूमीत फरक करत नाही, तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, "७० नंतरचं कुठाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, एका पोराच्या लॅपटॉपमध्ये.

माझी बाजूही सांगते, मी अगदीच मूर्ख नव्हते. २००१ मध्ये रॉसी, डेसिमोन आणि अंगरलायडर या संशोधकांना व्ही-वनमध्ये हा फरक फक्त आकृतीच्या कडेजवळ सापडला, मधे नाही, आणि तो पेपर मी ढालीसारखा वापरला. मग २०१२ मध्ये पूर्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कडा आधी उठून दिसतात, लक्ष नसलं तरी, पण आतला भाग नंतर भरतो आणि तो लक्षावर अवलंबून असतो. म्हणजे लक्षाला मी घाण म्हणून फेकत होते, आणि तेच तर त्यात होतं.

तेव्हाची मी आजही भांडते, म्हणते कडेचं काम तर झालं ना आधीच, मग फीडबॅकचं एवढं कौतुक कशाला. मी म्हणते, नुसती कड म्हणजे वस्तू नव्हे. ती म्हणते, सिद्ध कर. मागच्या महिन्यात तो जुना डेटा पुन्हा पूर्ण विंडोनं चालवला. मधल्या भागात फरक आहे, पण बारीक, आणि आमच्या माकडाला तेव्हा फक्त पडद्यावरच्या एका बिंदूकडे बघायचं होतं, आकृती शोधायचं काम दिलंच नव्हतं.

त्या मुलाला ग्राफ पाठवलाय, माफीही मागितलीये. उत्तर आलेलं नाही.