सायकलवर चिपळूण ते कोयनानगर: कुंभार्लीने दाखवलेला इंगा

‘कोयना धरणाच्या भिंतीवर फिरता येतं, आणि आधार कार्ड दाखवलं की भूमिगत वीजघरही आतून बघायला मिळतं.’ चिपळुणात ज्या गृहस्थांनी हे छातीठोकपणे सांगितलं, ते स्वतः दोन्हीकडे कधी फिरकले नसावेत. भिंतीवर सोडत नाहीत आणि वीजघराला आगाऊ परवानगी लागते. ती हातात नसेल तर पोफळीला, वीजघराच्या फाटकावर हुज्जत घालू नका. रक्षक सावलीत असतो, तुम्ही उन्हात.

पोफळीपर्यंतचा रस्ता सोपा, सोडून द्या. खरा प्रकार त्यानंतर. कुंभार्ली घाटाचा चढ छातीवर येत नाही, पण संपता संपत नाही, आणि खड्डे नेमके वळणांवर. भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत बाजूने सरकतो, धूर सगळा तुमच्या तोंडावर. खड्डा चुकवायला उजवीकडे व्हावं तर वरून एसटी, डावीकडे सुटी खडी. एका वळणावर माझं मागचं चाक खडीत जागच्या जागी फिरलं. पेडलात अडकवलेला बूट सुटेपर्यंत मी कठड्याला टेकलो होतो. मागच्या कॅसेटला, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांमधल्या सगळ्यांत मोठ्या चकतीला, ३४ दाते नसतील तर सायकल ढकलायची तयारी ठेवा.

त्यातच एक पिकअपवाला थांबला. माथ्यापर्यंतचे १२०० मागितले! अंतर उरलेलं जेमतेम पाच किलोमीटर. सोबत्याने घासाघीस करून ५०० वर आणलं आणि तो बसून गेला. मी रागाच्या भरात चढलो. रागाने घाट लवकर संपतो, एवढं खरं.

वर पोचल्यावर मात्र सगळं माफ. आपण ज्या सह्याद्रीवर घाम गाळतो, त्याच्याच पोटातून कोयनेचं पाणी सुमारे ४७५ मीटर खाली कोसळत असतं. नदी मुळात पूर्वेची, कृष्णेला मिळणारी. तिचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवून पोफळीच्या टर्बाइनांवर सोडलंय, मग कोळकेवाडी धरणात अडवून त्यातून पुन्हा वीज काढायची आणि शेवटी चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत सोडायचं. पावसाळा सरल्यावरही वाशिष्ठी भरून वाहते ती या उसन्या पाण्यावर. या वीज प्रकल्पाचे सगळे टप्पे धरून क्षमता १९६० मेगावॅट. चौथ्या टप्प्यासाठी तर १९९९ मध्ये जलाशय रिकामा न करता खालून बोगदा नेला आणि शेवटचा खडक सुरुंगाने उडवून पाणी आत घेतलं; २०१२ मध्ये पुन्हा तेच. हे सगळं पायाखाली, दिसत काहीच नाही.

दिसते ती १०३ मीटर उंचीची भिंत, तीही लांबून. डिसेंबर १९६७ च्या भूकंपात हिला तडे गेले होते, मग ती मजबूत केली. नेहरू उद्यानातून बघा, दुर्बीण न्या. नुसत्या भिंतीसाठी घाट चढणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: गाडीने जा.

दुसऱ्या दिवशी अलोरे-कोळकेवाडी केलं. छान झालं.

परतीला ब्रेक पॅड नवे हवेत. आणि दुपारी चारनंतर घाट उतरू नका. सूर्य थेट डोळ्यांवर येतो आणि वळणावरचे ते खड्डे दिसतच नाहीत.