पॉवर स्टिअरिंग अपडेट: आवाज गेला, जडपणा तसाच

ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, जुनी हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणारी) सिस्टीम आहे, पंप बेल्टवर चालतो, तक्रारी दोन. वळवताना पंपाचा घुंईऽऽ असा आवाज, आणि गाडी तापली की पार्किंग करताना स्टिअरिंग जड. ज्याला विचारावं तो म्हणतो पंप गेला, बदलून टाक. मला ते पटत नव्हतं, कारण गाडी थंड असताना तोच पंप मस्त काम करतो.

टायरची हवा आणि बेल्ट ओके. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, कुठे अडकत नाही, म्हणजे कॉलमचे (स्टिअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्याचे) जॉइंट, बॉल जॉइंट वगैरे संशयातून बाद.

मग ऑइल. टाकीचं झाकण उघडलं तर वर फेस आणि रंग उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखा. इंजिन चालू असताना लेव्हलवर मार्करची रेघ मारली, मग इंजिन बंद केलं तर लेव्हल डोळ्यादेखत रेघेच्या वर चढली. लाइनमध्ये हवा असली की हेच होतं, प्रेशर आहे तोवर बुडबुडे दाबलेले राहतात, प्रेशर गेलं की फुगतात. बाहेर गळती मात्र कुठेच नाही, म्हणून मी सरळ सक्शनची (टाकीतून पंपाकडे ऑइल ओढणारी) बाजू धरली, कारण तिथून ऑइल न गळताही हवा आत ओढली जाते. पंपाच्या सक्शन पाइपचा ओ-रिंग (गोल रबरी सील) काढला तर पार चपटा आणि कडक, नखाने दाबल्यावर दोन तुकडे. नवा बसवला, टाकीच्या तळाची जाळी धुतली, झाकणावर लिहिलंय त्याच स्पेकचं ऑइल भरलं (लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, आणि हिरवं सिंथेटिक एकत्र करू नका, प्लीज). चाकं उचललेलीच, इंजिन बंद, बुडबुडे थांबेपर्यंत स्टिअरिंग सावकाश लॉक टू लॉक, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधेमधे टॉप-अप.

आवाज गायब! जडपणा जसाच्या तसा. म्हणजे हे दोन वेगळे आजार होते आणि आवाजाच्या नादात सगळे पंपाला शिव्या घालत होते.

आता खरी मजा, प्रेशर गेज. पंप आणि प्रेशर होजच्या मधे गेज, त्याच्या पुढे रॅककडच्या (चाकं वळवणाऱ्या दात्यांच्या दांड्याच्या युनिटकडच्या) बाजूला शट-ऑफ व्हॉल्व्ह. आयडलला, चाकं सरळ असताना 5 बारच्या आसपास, म्हणजे रिटर्न लाइन (ऑइल परत टाकीत आणणारा पाइप) चोक नाही. ऑइल चांगलं गरम झाल्यावर व्हॉल्व्ह बंद केला, काटा 80 बारवर, या गाडीच्या मॅन्युअलमधल्या रेंजमध्ये. हे करताना 5 सेकंदांच्या वर व्हॉल्व्ह बंद ठेवायचा नाही, सगळं ऑइल पंपाच्या रिलीफ व्हॉल्व्हमधून (जास्तीचं प्रेशर सोडणाऱ्या) फिरत बसतं आणि पंप भाजून निघतो. मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, स्टिअरिंग फुल लॉक, तर काटा कसाबसा 50 ला जाऊन थरथरतो. डावीकडे तेच, उजवीकडे तेच. थंड असताना हीच टेस्ट घेतली होती तेव्हा 75 च्या वर होता.

म्हणजे पंप प्रेशर बनवतोय आणि रॅक ते आतल्या आत सोडतोय. ऑइल तापून पातळ झालं की झिजलेल्या सीलवरून पलीकडे निसटतं. बूटची (रॅकच्या टोकावरच्या रबरी कव्हरची) क्लिप काढून आत बोट फिरवलं तर कोरडं, त्यामुळे टोकाचे सील शाबूत, आणि दोन्ही दिशांना प्रेशर सारखंच पडतंय म्हणून माझा पहिला संशय रॅकमधल्या पिस्टनच्या सीलवर. एकाच बाजूला पडलं असतं तर रॅकमधल्या, ऑइल डावीकडे-उजवीकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्हच्या टेफ्लॉन रिंगांकडे आधी बघितलं असतं. गंमत म्हणजे 1980 च्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या काही गाड्यांमध्ये याच्या बरोब्बर उलटं व्हायचं, त्या रिंगांनी ॲल्युमिनियमच्या हाउसिंगला चरे पडायचे आणि सकाळी थंड गाडीचं स्टिअरिंग जड, तापली की ठीक.

पुढचं काम रॅक खाली उतरवणं. कॉलमचा जॉइंट सोडायच्या आधी चाकं सरळ करून स्टिअरिंग बांधून ठेवणार, ते मोकळं गरगर फिरलं तर एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमधली वायरची गुंडाळी) तुटते आणि नसता खर्च मागे लागतो. सील किट मागवलंय. रॅकच्या दांड्यावर गंज किंवा चरे निघाले तर किटचा उपयोग नाही, मग सरळ दुसरा रॅक.